जांभळ्याचं पथ्य

आपल्या कुत्र्याचं वजन करावं, ही कल्पना माझ्या डोक्यात महाशिवरात्रीनंतरच्या एका रविवारी आली. ती आली तशीच परत गेली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी नीटनेटका माणूस आहे. एकदा डोक्यात काही आलं की ते तडीस नेल्याशिवाय मला चैन पडत नाही. (नीटनेटका हा माझा शब्द. सुमतीचा, म्हणजे माझ्या बायकोचा शब्द वेगळा आहे आणि तो ती पाहुण्यांसमोरही वापरते.)

आमचा जांभळ्या जातीनं गावठी आणि रंगानं इतका काळा की नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक केस पांढरा सापडणार नाही. नखंसुद्धा काळी. शेजारचे रुपराव पहिल्यांदा त्याला पाहून म्हणाले होते, "उमाठेबाबू, हा कुत्रा नाही जी, कुत्र्याची सावली होय." रोज सकाळी तो मला बसस्टॉपपर्यंत सोडायला येतो आणि संध्याकाळी तिथेच घ्यायला येतो. मी बोलत असताना मधेच उठून न जाणारा घरातला तो एकटाच. त्यामुळे माझा त्याच्यावर जीव आहे हे वेगळं सांगायला नको.

तर त्या रविवारी हा जांभळ्या ओट्याची एक पायरी चढला, दुसरीवर बसला आणि निवृत्तीला आलेल्या हेडक्लार्कनं टाकावा तसा एक सुस्कारा टाकून माझ्याकडे पाहत राहिला. तिसरी पायरी चढायचा त्याचा विचार दिसेना. पोट दोन्ही बाजूंनी पायरीवर पसरलेलं. मी रोज रात्री रोजनिशी लिहितो. हवा, भाजी, ऑफिस, आणि शेवटी 'जांभळ्या ठीक'. त्या दिवशी हे 'ठीक' मला खोटं वाटायला लागलं.

वजन करायचं कुठे? आमच्या हनुमाननगरात एवढ्या आकाराची वस्तू तोलण्याची सोय एकाच ठिकाणी होती, बळीरामच्या लाकडाच्या टालीवर. साखळ्यांनी टांगलेला तो मोठा काटा. एका पारड्यात जांभळ्याला बसवलं की पारडं हलायचं, आणि पारडं हललं की जांभळ्या उतरायचा. शेवटी मीच त्याला मांडीवर घेऊन पारड्यात बसलो. मग मी एकटा बसलो. मग वजाबाकी केली.

"ओलं होय का वाळलं, बाबू?" बळीरामनं विचारलं.

"बळीराम, थट्टा नको. आकडा सांग."

त्यानं आकडा सांगितला, मग स्वतःच डोकं खाजवलं आणि वजनं एकदा तपासून घेतली. "काय खाऊ घालून राहिले बाप्पा याले?"

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी जांभळ्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. आमच्या पुढे एक म्हैस आणि एक टांग्याचा घोडा होता. दोघांपेक्षा जांभळ्याच जास्त दमलेला दिसत होता. डॉक्टर ओमप्रकाश तिवारी भले गृहस्थ. त्यांनी जांभळ्याचं पोट दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, पापण्या उलटून पाहिल्या आणि मला विचारलं, "खाना क्या देते हो इसको?"

"जो हम खाते हैं वोही," मी अभिमानानं म्हणालो. "उसमें और हममें कुछ फरक नहीं करते."

"करना चाहिए," डॉक्टर म्हणाले. "आप बाबू हो, ये कुत्ता है."

मग त्यांनी मला जवळ बसवून समजावलं. प्रत्येक कुत्र्याची प्रकृती निराळी. एखादा कुत्रा तूप पिऊनही म्हशीच्या मागे पळेल, आणि दुसऱ्याला तेलाचा वास सोसणार नाही. जांभळ्याचं यकृत सुजलं होतं. त्याला त्याच्या पोटापुरतं, त्याच्या वयापुरतं आणि त्याच्या दुखण्यापुरतं बेतून खाणं द्यायचं होतं. मऊ भात, उकडलेली लवकी, म्हणजे दुधी भोपळा, साय काढलेल्या दुधाचं ताक, उकडलेल्या अंड्यातलं फक्त पांढरं. जोडीला यकृताचं टॉनिक आणि यीस्टच्या गोळ्या. तेल, तूप, गूळ, तळण, काहीही नाही.

"और तेल गया पेट में," दौत बंद करत डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तो कुत्ता गया."

परत येताना जांभळ्या रिक्षात माझ्या पायांवर डोकं ठेवून झोपला होता. मी त्याच्या काळ्या कपाळाकडे पाहत मनाशी ठरवलं की काही झालं तरी हा कुत्रा जाऊ द्यायचा नाही.

पथ्य सुरू झालं. सुमतीनं भात आणि लवकी मान्य केली, पण अंड्याला घरात जागा मिळेना. "माह्या चुलीवर अंडं नाही चढाचं," ती म्हणाली. म्हणून मी अंगणात शेगडी मांडली आणि रोज ऑफिसला जायच्या आधी बनियनवर बसून अंडं उकडू लागलो. (पिवळ्या भागाचा प्रश्न होता. तो बळीरामनं आनंदानं सोडवला.) टॉनिक ताकात मिसळलं की जांभळ्या ताक सोडायचा. ताक वेगळं दिलं की टॉनिक सोडायचा. यीस्टच्या गोळीचा त्याला संशय यायचा. ती किती चांगली आहे हे दाखवण्यासाठी मी एक गोळी त्याच्यासमोर चावून खाल्ली. त्यानं माझ्याकडे लक्षपूर्वक पाहिलं. मी आणखी एक खाल्ली. तो शेपटी हलवत पाहतच राहिला. गोळ्यांची पहिली बाटली अशीच संपली.

पण मी चिकाटी सोडली नाही. हळूहळू त्याला त्या बेचव खाण्याची सवय लागली, आणि दर सोमवारी मी त्याला मांडीवर घेऊन बळीरामच्या पारड्यात बसू लागलो.

वजन वाढत होतं.

"लवकीनं वाढत असन," बळीराम म्हणाला.

डॉक्टर तिवारींना हे पटलं नाही. त्यांनी जांभळ्याच्या तोंडाभोवतालच्या केसांवर बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. ते चकाकत होतं. "घर में कोई तेल दे रहा है," ते म्हणाले.

घरात आम्ही तिघं. मी, सुमती आणि शाळेत जाणारी शामला. शामला कुणाला स्वतःचं काही देईल हे संभवत नव्हतं. मी सुमतीला शक्य तितक्या सौम्यपणे विचारलं.

"सुमती, जांभळ्याला कधी तेलाचं काही देतेस का?"

"मी काहून देऊ?"

"नाही, म्हणजे चुकून."

"तेलाचा डबा काय चुकून उघडते का?" ती म्हणाली आणि त्या रात्री मलाही लवकीच मिळाली.

मग मी नीट निरीक्षण केलं. जांभळ्या आठवडाभर मुकाट जेवायचा, पण शनिवारी संध्याकाळी ताटलीकडे ढुंकूनही बघायचा नाही आणि रविवारभर पडून राहायचा. म्हणजे जे काही होत होतं ते शनिवारी होत होतं. शनिवारी आमच्या ऑफिसला अर्धा दिवस. मी नऊला निघतो आणि अडीचला परत येतो. पुढच्या शनिवारी मी जांभळ्याला फाटकातूनच परत पाठवून निघालो, कोपऱ्यापर्यंत गेलो, मागच्या बोळातून अंगणात शिरलो आणि न्हाणीत जाऊन बसलो. न्हाणीच्या झरोक्यातून फाटक स्पष्ट दिसतं.

पहिले रुपराव आले. रुपराव म्हणजे सरकारी नोकरी शहरात आणि जीव हुडकेश्वरच्या शेतात असलेला माणूस. हातात केळीच्या पानावर एक जाडजूड पोळी, तिच्यावर तिळाचं तेल इतकं की पान निथळत होतं, आणि वर गुळाचा खडा. त्यांनी ती जांभळ्यासमोर ठेवली, चपला काढून त्याला नमस्कार केला आणि वळून चालते झाले. मागे वळून पाहिलं नाही.

मग समोरच्या इंदुताई आल्या. तेल, गूळ, नमस्कार. त्याही मागे न पाहता गेल्या. मग कोपऱ्यावरच्या पीठगिरणीचे ताराचंद आले. त्यांच्याकडे दोन पोळ्या होत्या. एक स्वतःसाठी आणि एक गिरणीच्या मोटारीसाठी, असं नंतर कळलं. (मोटारीलाही साडेसाती असते हे मला नवीन होतं.)

मी न्हाणीचं दार उघडून बाहेर आलो.

"थांबा, ताराचंदजी."

ताराचंद थांबले पण वळले नाहीत. "मांगं पाह्यता येत नाही, उमाठेबाबू," ते फाटकाकडे बघत म्हणाले. "काय सांगाचं ते असंच सांगा."

"मी इकडे आहे."

"आवाजावरून समजलं जी. आंघोळ झाली का?"

तेवढ्यात सुमती बाहेर आली. मला न्हाणीच्या दारात ऑफिसच्या कपड्यांत पाहून तिला काय समजायचं ते समजलं. मी विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"मंग? दर शनिवारी येते सारे. दारात आलेल्याले नाही कसं म्हणू?"

"मी तुला तेलाचं विचारलं होतं."

"मी देते का, असं विचारलं होतं. मी नाही देत." मग जरा नरमून ती म्हणाली, "अन् ते काही जांभळ्याले देत नाही. शनिमहाराजाले देते. जांभळ्याच्या फक्त तोंडानं."

"शनिमहाराजांचं लिव्हर चांगलं असेल, सुमती. जांभळ्याचं नाही."

सगळं प्रकरण असं होतं. सक्करदऱ्याला नत्थूजी नावाचे एक पत्रिका पाहणारे आहेत. आमच्या लेआउटमधले, म्हणजे वसाहतीतले, निम्मे लोक त्यांच्याकडे जातात, आणि त्या वर्षी त्या निम्म्यांपैकी बहुतेकांना साडेसाती होती. नत्थूजींचा उपाय एकच. शनिवारी दुपारच्या आत निखळ काळ्या कुत्र्याला तेल माखलेली पोळी घालायची. मी संध्याकाळी रुपराव, इंदुताई आणि ताराचंद यांना ओट्यावर बोलावलं आणि डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं.

रुपरावांनी जांभळ्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मले जांभळ्याचं वाईट वाटते जी. पण माह्या शेताच्या बांधाची, धुऱ्याची केस किती वर्सांपासून चालून राहिली, तुमाले माहीत आहे. याले पोळी घालणं सुरू केलं तवापासून समोरचा वकील दोनदा आजारी पडला."

"माह्या पोरीले, चारुशीलाले, स्थळ पाह्यनं सुरू आहे," इंदुताई म्हणाल्या. "अमरावतीची पार्टी आहे. नाही म्हणत नाही अन् हो म्हणत नाही. आता मधात पोळी बंद केली अन् ते फिरले तं? सांगा बरं, जांभळ्याचे बाबा."

(इंदुताई मला पहिल्यापासून 'जांभळ्याचे बाबा' म्हणतात. शामलाचे बाबा म्हणत नाहीत. मी हे कधी मनावर घेतलं नव्हतं.)

"दुसरा काळा कुत्रा बघा," मी म्हणालो. "ताराचंदजी, तुमच्या गल्लीत आहे की एक."

"आहे न. पण त्याच्या पोटावर पांढरं आहे. नत्थूजी म्हणते, पांढऱ्याचा ठिपका असला का शनि त्याच्याकडे पाह्यतच नाही."

तिघंही वाईट तोंड करून गेले. माझ्या डोक्यात मात्र ताराचंदांचं वाक्य राहिलं. पांढरा ठिपका असला की शनि पाहत नाही. मग हा प्रश्न सोपाच होता.

शामलाच्या पीटीच्या कॅनव्हास बुटांना लावायचं पांढरं घरात होतं. पुढच्या शनिवारी सकाळी मी जांभळ्याला धरलं आणि त्याला चाटता येऊ नये म्हणून कपाळावर, दोन डोळ्यांच्या मधे, पांढऱ्याचा एक पट्टा ओढला. जरा लांब झाला, कारण जांभळ्यानं मान हलवली. मग मी निश्चिंत मनानं ऑफिसला गेलो.

अडीचला परत आलो तर फाटकाशी सायकलींची रांग. इंदुताईंनी जांभळ्याला पाहताच पोळी तिथेच सोडून थेट सक्करदरा गाठलं होतं आणि नत्थूजींना रिक्षात घालून आणलं होतं. नत्थूजींनी चष्मा लावून जांभळ्याच्या कपाळाकडे पाहिलं होतं आणि 'उभा टिळा' एवढे दोनच शब्द उच्चारले होते. ते दोन शब्द दुपारपर्यंत बेसा गावाला पोचले. माझ्या अंगणात जी माणसं उभी होती त्यांतली निम्मी मी कधी पाहिली नव्हती. जांभळ्या मधोमध बसला होता आणि त्याच्यासमोर पोळ्यांचा ढीग होता.

मी सगळ्यांदेखत ओल्या फडक्यानं तो पट्टा पुसून टाकला. बुटाचं पांढरं आहे, मीच लावलं, असं ओरडून सांगितलं.

"पाहा," बेशाचा एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "दर्शन देलं अन् गेलं."

रविवारी जांभळ्या उठलाच नाही. पाणी प्यायला, ते ओकला आणि माझ्या चपलांवर तोंड टेकून पडून राहिला. मी त्याला उचलून रिक्षात घातलं. सुमती न सांगता सोबत बसली. डॉक्टर तिवारींनी त्यांच्या घरीच इंजेक्शन दिलं, आमच्यासमोर हात धुतले आणि म्हणाले, "उमाठेजी, अगला शनिवार ये नहीं झेलेगा."

सुमतीनं जांभळ्याचं डोकं मांडीवर घेतलं. घर जवळ आल्यावर म्हणाली, "कोंडून ठेवू त्याले."

"आतून रडेल."

"रडू दे."

पण ते जमण्यासारखं नव्हतं. तोवर बेशाची माणसं कुंपणावरून पोळ्या टाकायला लागली होती. माणसांना थांबवायचं तर नत्थूजींनीच थांबवायला हवं होतं. मी सक्करदऱ्याला गेलो.

नत्थूजी तक्तपोसावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ते सहानुभूतीनं ऐकलं आणि म्हणाले, "शास्त्रात कुत्र्याच्या तब्येतीचं काही लेहलं नाही."

मी वाटेत विचार करून ठेवला होता. तोच चुकला. मी म्हणालो, "नत्थूजी, मागच्या वर्षी आमच्या हिला टायफॉइड झाला. तिचे सोळा सोमवार अर्धे राहिले. ते तिच्या बहिणीनं पुरे केले. चाललं ना?"

"चालते. आजाऱ्याचं घरच्यानं करावं."

"मग जांभळ्या आजारी आहे."

मला म्हणायचं होतं की आजाऱ्याला यातून सूट द्या. नत्थूजींनी शेंग बाजूला ठेवली आणि प्रसन्न चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर बोलले तुम्ही. मंग त्याच्या घरच्यानं खावं."

"कोण घरचं?"

"त्याचे माय-बाप आहे का?"

"माहीत नाही. तो नालीच्या कडेला सापडला होता."

"म्हंजे पोसलं तुम्ही. इंदुताई तं तुमाले जांभळ्याचे बाबाच म्हणते." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पण निखळ काळं पाह्यजे. हे असं पांढऱ्या सदऱ्यात नाही चालाचं. काळा कोट आहे का?"

माझ्याजवळ लग्नातला काळा कोट होता. नाही म्हणता आलं असतं. पण घरी जांभळ्या माझ्या चपलांवर तोंड टेकून पडला होता आणि शनिवार चार दिवसांवर आला होता. मी आहे म्हणालो.

अशा रीतीनं चैत्र महिन्यात, नागपूरच्या उन्हात, मी दर शनिवारी ऑफिसातून धावत घरी येऊन काळा कोट घालून ओट्यावर बसू लागलो. दुपारच्या आत हा नियम नत्थूजींनी माझ्या हेडक्लार्ककडे पाहून शिथिल केला होता. लोक यायचे, माझ्या हातात पोळी द्यायचे, शेजारी बांधलेल्या जांभळ्याला नमस्कार करायचे आणि मागे न पाहता जायचे. मला नमस्कार कुणी करत नसे. जांभळ्या लवकी खात खात मधूनमधून माझ्या हातातल्या पोळीकडे पाहायचा आणि मग माझ्याकडे. ती नजर मला सहन होत नसे.

पहिल्या शनिवारी लाकडं घेऊन जाणाऱ्या बळीरामनं बैलगाडी थांबवली.

"निवडणुकीले उभे राहून राहिले का, बाबू?"

"नाही. पोळ्या खातोय."

"कोट घालून?"

"जांभळ्याला पथ्य आहे," मी म्हणालो. बळीरामनं बैलांकडे पाहिलं आणि गाडी हाकली.

लोक मागे पाहत नाहीत, मग तुम्ही पोळ्या खाल्ल्याच कशाला, असं वाचक विचारतील. मीही एवढा भोळा नाही. दुसऱ्या शनिवारी मी तीन पोळ्या कोटाच्या आतल्या खिशात घातल्या. जांभळ्यानं साखळी तोडून माझ्या छातीवर उडी घेतली आणि अस्तर फाडलं. सुमतीनं झाडूनं त्याला हटवलं नसतं तर पोळ्या आणि खिसा दोन्ही त्याच्या पोटात गेले असते. मी त्या कचऱ्यात टाकल्या असत्या तर त्यानं कचरा उपसला असता. पुरल्या असत्या तर अंगण उकरलं असतं. त्याच्या तोंडापासून सुरक्षित अशी जगात एकच जागा उरली होती, आणि ती माझ्या बरगड्यांच्या खाली होती.

पण जांभळ्या सुधारत होता. त्याच्यासाठी मी आता आणखी बारकाईनं बेत आखत होतो. ऊन वाढलं तसं भात कमी आणि ताक जास्त. केस गळत होते म्हणून डॉक्टरांना विचारून शार्कच्या तेलाऐवजी (तेल हा शब्दच नको होता) अंड्याचं पांढरं थोडं वाढवलं. सकाळी टॉनिक, दुपारी यीस्ट. यीस्टची गोळी तो आता मी न खाताच खाऊ लागला होता. बळीरामच्या काट्यावर त्याचं पारडं दर सोमवारी वर जात होतं. वैशाख लागेपर्यंत तो ओट्याच्या तिन्ही पायऱ्या चढून वर माझ्या शेजारी यायला लागला. एका सकाळी त्यानं बसस्टॉपपर्यंत जाताना एका डुकराचा पाठलाग केला. मी घरी परत येऊन सुमतीला ते सांगितलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला बस चुकल्याबद्दल रागावली.

माझ्या कोटाचं वरचं बटण याच सुमाराला लागेनासं झालं. मग खालचं. मग मी ओट्याची एक पायरी चढून दुसरीवर बसू लागलो. उजव्या कुशीत काहीतरी टोचायचं, तोंड कडू राहायचं, आणि तेलाचा नुसता वास आला की ढेकर यायचा. एक दिवस सुमतीनं माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "जांभळ्या असाच बसत होता."

तिनं मला धंतोलीच्या एका डॉक्टरांकडे नेलं. तरुण डॉक्टर, नवा दवाखाना. त्यांनी पोट दाबलं, पापण्या उलटून पाहिल्या आणि लिहिता लिहिता विचारलं, "जेवणात काय असतं?"

"साधंच. शनिवारी तेलाच्या पोळ्या."

"किती?"

"जितके लोक आणून देतात तितक्या."

"कोण लोक?"

"शेजारचे. बेशाचे काही."

"आणि त्या तुम्ही का खाता?"

"कुत्र्याला चालत नाहीत म्हणून," मी म्हणालो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सुमतीकडे पाहिलं. सुमतीनं खिडकीबाहेर पाहिलं. मग डॉक्टरांनी पुन्हा पेन उचललं आणि ते लिहू लागले, तेव्हा पुढचं काय ते मला कागद न बघता सांगता आलं असतं. मऊ भात. उकडलेली लवकी. साय काढलेल्या दुधाचं ताक. यकृताचं टॉनिक. यीस्टच्या गोळ्या.

"घरात आहे सारं," सुमती म्हणाली.

तिनं वेगळा स्वयंपाक केला नाही. जांभळ्याच्याच पातेल्यात एक लवकी जास्त पडू लागली. वाढताना आधी त्याला, कारण तो वाट पाहत ओरडायचा आणि मी ओरडत नसे.

नत्थूजींकडे पुन्हा जावं लागलं, पण या वेळी रुपराव आणि इंदुताई गेले. मी आजारी, कुत्रा आजारी, आता काय? आणि नेमकं त्याच आठवड्यात डॉक्टर तिवारींनी जांभळ्याला तपासून पाठीवर थाप मारली. कुत्रा ठणठणीत होता. हफ्त्यातून एकदा पोळीचा एखादा तुकडा, तेलाचं नुसतं बोट लावून, आता त्याला सोसेल असं ते म्हणाले. नत्थूजींनी तोडगा काढला. सगळ्या लेआउटनं मिळून एकच पोळी करायची, प्रत्येकानं तिला हात लावायचा, आणि तीतला एक तुकडा जांभळ्यानं खायचा. उरलेली पोळी गाईला. बेशाच्या लोकांना त्यांच्या गावात एक काळं पिल्लू सापडल्याचं कळलं.

जांभळ्यानं त्या शनिवारी तुकडा खाल्ला. मी कोट न घालता, बनियनवर, लवकीचा वाडगा मांडीवर घेऊन पाहत होतो.

बुधवारी संध्याकाळी रुपराव पेढ्यांचा पुडा घेऊन आले. धुऱ्याच्या केसचा निकाल लागला होता आणि तो त्यांच्या बाजूनं लागला होता. त्यांनी पुडा माझ्यासमोर धरला, मग आठवण होऊन मागे घेतला आणि सुमतीला दिला. इंदुताईही आल्या. अमरावतीहून होकार आला होता. ताराचंदांची मोटार चालू होती, तिचा आवाज कोपऱ्यावरून ओट्यापर्यंत येत होता. सगळे आनंदात होते. जांभळ्या मधे बसून सगळ्यांकडून पाठ खाजवून घेत होता.

मला वाटलं, एवढं सगळं झालं, कुणीतरी आपल्यालाही एक शब्द म्हणेल. कुणी म्हणेना. शेवटी मीच विषय काढला.

"म्हणजे चैत्रभर मी जे खाल्लं," मी म्हणालो, "त्याचा उपयोग झाला म्हणायचा."

रुपरावांनी इंदुताईंकडे पाहिलं. इंदुताईंनी पदर सावरला.

"राग नोका मानू, उमाठेबाबू," रुपराव हळूच म्हणाले. "पण तुम्ही खात होते न, तोवर नुसत्या तारखावर तारखा पडून राहिल्या. जांभळ्यानं शनिवारी तुकडा खाल्ला अन् बुधवारी निकाल. तुमचं खाल्लेलं वर पोचतच नव्हतं जी."

"वर कुठून पोचन?" पेढ्यांचा पुडा आत नेता नेता सुमती म्हणाली. "पोटातच राहिलं सारं."